सातव्या रोपाची फिर्याद

मी संशयी आहे, असं माझी बायको निदिया गेली अडतीस वर्षं सांगत आली आहे. एवढी वर्षं एकच गोष्ट सांगत राहण्यामागे तिचा काय हेतू असावा, हे मला अजून कळलेलं नाही.

आता माझा धंदाच तसा होता. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. प्रत्येक स्वल्पविरामाकडे चोर असल्यासारखं बघायचं, याचा मला पगार मिळत असे. अशा माणसानं निवृत्तीनंतर मागच्या अंगणात गांजाची रोपं लावायचं ठरवलं, तर ती कशी लावेल? कायद्याचं पुस्तक आडवं-उभं वाचून लावेल. मी पोस्टात जाऊन नाव नोंदवलं, ‘एबेर लाकुएस्ता, घरगुती लागवड, रोपं सहा’ असा कागद आणला, त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि न्हाणीघराच्या दाराशी खिळ्याला टांगला. सहा. आमच्या देशात कायद्यानं घरी तेवढी लावता येतात; घर कितीही माणसांचं असो, रोपं सहा.

गैरसमज नको म्हणून सांगतो, आमच्या घरात ओढणारं कोणी नाही. मी लग्नाआधी एकदा ओढून बघितला होता, तेव्हा दोन तास मला माझाच संशय येत होता. रोपं निदियासाठी होती. ती नवऱ्यामुलींचे पोशाख शिवायची. सायागो भागातल्या निम्म्या बायका तिच्या हातचा झगा घालून चर्चची पायरी चढल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात तिची बोटं सांध्यांत सुजली, आणि एके दिवशी माझ्या शर्टाचं बटण लावताना सुई तिच्या हातातून तीनदा पडली. चौथ्यांदा तिनं ती उचलली नाही. गावाकडच्या तिच्या चुलतबहिणीनं घरी केलेल्या मलमाची एक डबी पाठवली होती. ते मलम लावून आठवडाभर तिची बोटं मिटली, उघडली. मग डबी संपली. डॉक्टर म्हणाले, “घरीच करा की.” म्हणून हा सगळा उपद्व्याप.

फेब्रुवारी लागला, आमच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा कलला, दिवस किंचित आखडले, आणि रोपांच्या पेरांतून बारीक पांढरे केस डोकवायला लागले. मी एका फांदीचा फोटो घेऊन विल्मारच्या दुकानात गेलो. विल्मार खतं, कुंड्या आणि सल्ले विकतो. त्याची वेणी निदियाच्या वेणीपेक्षा लांब आहे. त्यानं भिंगातून बघितलं.

“सगळ्या बाया आहेत,” तो म्हणाला. “अभिनंदन. एखादा बाप्या निघाला असता तर पराग उडवून सगळ्यांचं वाटोळं केलं असतं. पण कुंड्या केवढ्या आहेत?”

मी हातानं दाखवलं.

“एवढ्याशा? अहो, पाय आखडले असतील त्यांचे! आता लगेच मोठ्या कुंडीत हलवा. फुलोरा भरात आला की हलवता येणार नाही, रुसतात. आणि जुनं खत बंद. आता फुलोऱ्याचं.” असं म्हणून त्यानं एक बाटली पुढे केली. किंमत बघून मला वाटलं आत उंची दारू असावी. ज्या डॉक्टरचं स्वतःचंच औषधाचं दुकान असतं, त्याच्या निदानावर विश्वास ठेवायचा नसतो. पण मी बाटली घेतली. निदियाची बोटं होती ना.

मोठ्या कुंड्या मात्र त्याच्याकडून घेतल्या नाहीत. एवढा मी भोळा नाही. बाजारातल्या ऑलिव्हवाल्याकडून सहा रिकामी पिंपं आणली आणि खारट पाण्याचा वास जाईपर्यंत तीन दिवस धुतली. तेवढ्यात बातमी पसरली. आमच्या गल्लीत फुटबॉल, राजकारण आणि खत या तीन विषयांत अडाणी माणूस औषधाला सापडत नाही. बेकरीतल्या बाईंनी अंड्यांची टरफलं कुटून घालायला सांगितलं. टपालवाला म्हणाला माते या आमच्या कडू पानांच्या चहाचा चोथा घाला, झाडाला त्याची तरतरी येते. तो स्वतः दिवसाकाठी तीन थर्मास माते पितो, आणि तरी आमची पत्रं उशिराच येतात.

पण सल्ल्याचा उगम म्हणजे आमचा शेजारी दामासो ओलिवेरा. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर बस चालवली. आमच्या दोन अंगणांमध्ये एक भिंत आहे. तिच्या पलीकडे तो फळांचं खोकं पालथं घालतो आणि त्यावर उभा राहतो. त्यामुळे एकतीस वर्षं मी या माणसाला मुख्यतः नाकाच्या वरच ओळखतो.

“हलवू नकोस,” भिंतीवरून नाक म्हणालं.

“विल्मार म्हणतो हलवा.”

“विल्मारला पोरंबाळं आहेत का? गरोदर बाईचं बिऱ्हाड बदलतात का कोणी?”

“मग काय करू?”

“खायला घाल. उपाशी दिसतात पोरी. माझ्याकडे मासळीचं—”

“नको,” मी म्हटलं. मासळीचं पुढे काय, ते ऐकायलाही मी थांबलो नाही. आता वाटतं, थांबायला हवं होतं.

शनिवारी सकाळी बिऱ्हाडं हलवायला घेतली. पहिली तीन बिनबोभाट हलली. चौथी कुंडी मी पालथी केली, मातीचा गड्डा हातात आला, आणि निदिया खाली वाकून बघत म्हणाली, “एबेर, ही दोन आहेत.”

“दोन काय?”

“रोपं. दोन.”

मी चष्मा पुसला. खरंच दोन. एका कुंडीतलं बी रुजेना म्हणून मी ऑक्टोबरात त्याच्या शेजारी दुसरं टोचलं होतं. आळशी निघालेलं पहिलं बी नंतर बिनबोलता उगवलं होतं. दोघी एकमेकींना इतक्या बिलगून वाढल्या होत्या की चार महिने मी त्यांना दुबेळकं खोड समजत होतो. म्हणजे चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या नाकासमोर एक अख्खा शब्द दोनदा छापला गेला होता.

“एक उपटून टाक,” मी म्हणालो.

“कुठलं?”

मी बघत राहिलो. दोघी सारख्याच देखण्या, दोघींना पांढरे केस फुटलेले.

“टाकणार नाही,” निदिया म्हणाली. तिनं सुजलेल्या बोटांनी मुळं हळूहळू सोडवायला घेतली. एवढा नाजूक गुंता तिनं वर्षभरात सोडवला नव्हता. दुखत असणार, ओठ दातांत धरले होते. अर्ध्या तासानं दोघी सुट्या झाल्या. मुळं तुटली नव्हती. आता त्यातली एक मी कशी उपटणार?

तर सातवी कपडे धुवायच्या जस्ताच्या टबात गेली, आणि मी कायद्याबाहेर गेलो.

तिला घरात लपवावी तर ऊन नाही. ऊन द्यावं तर दामासो आहे. बस चालवलेला माणूस, एका नजरेत उभे किती, बसलेले किती हे सांगणारा. शेवटी निदियाच्या कपाटातली पांढरी जाळी काढली, नवरीच्या डोक्यावरून सोडतात ती, आणि चार काठ्यांवरून सातवीवर टाकली. संध्याकाळी भिंतीवर नाक उगवलं.

“लग्न कुणाचं आहे?”

“माश्या फार झाल्यात,” मी म्हणालो.

“बाकीच्या सहा जणींना नाही लागत का माश्या?”

मी जाळीचं एक टोक ओढून नीट केलं. पण त्याच क्षणी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पहिली फुली पडली. ‘बाकीच्या सहा’ म्हणाला होता. म्हणजे मोजल्या होत्या.

पुढचे आठ-दहा दिवस बरे गेले. दूरच्या चौकात कार्निव्हलच्या ढोलांची तालीम चालू असायची आणि मी विल्मारची बाटली, मापाचं झाकण आणि वही घेऊन पंगत वाढल्यासारखा फिरायचो. तारीख, वार, पाणी, खत, शेरा. मग एके सकाळी पानांची टोकं तपकिरी दिसली. दुसऱ्या दिवशी टोकं कुरकुरीत झाली. तिसऱ्या दिवशी पानं खाली वळून घारीच्या नखांसारखी दिसायला लागली. हिरवा रंग इतका गडद झाला की बघून भीती वाटावी. भर म्हणून अंगणात एक विलक्षण घाण वास येऊ लागला आणि गल्लीतली मांजरं भिंतीवर रांग लावून बसायला लागली.

विषप्रयोग! दुसरं काय असणार? खत तर मी मापून घालत होतो. एकदा घातलं की नाही याची खात्री नसली तर पुन्हा घालत होतो, इतकी काळजी.

कोण करेल? मी बसून विचार केला. भिंतीच्या आमच्या बाजूला दररोज दुपारी एक ओला ओघळ दिसायचा. मांजरांच्या नावानं रोज शंख करणारा दामासो हल्ली मांजरांबद्दल चकार शब्द काढत नव्हता. रोज मात्र न चुकता विचारायचा, “कशा आहेत पोरी?” कसायानं बकरीची तब्येत विचारावी तसं मला ते वाटायला लागलं. आणि कारण? कारणही सापडलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या अंजिराची फांदी आमच्याकडे आली होती. ती मी त्याला न विचारता करवतीनं कापली होती. तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. आता मला कळलं, का बोलला नव्हता ते.

मी तीन पानांची फिर्याद लिहिली. खोटं कशाला सांगू, आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासल्यावर स्वतःचं लिहायला मिळालं होतं, मी रंगात आलो. एकेक वाक्य घासून पुसून लिहिलं. निदियाला बोललो नाही. ती दामासोची बाजू घेईल, असा मला संशय होता.

पोलीस ठाण्यात टेबलामागचा शिपाई बिस्कोचो, म्हणजे बेकरीतला साखर लावलेला पाव, खात होता. त्यानं साखरेची बोटं पुसत फिर्यादीचं पहिलं पान वाचलं, आणि विचारलं, “मेलं कोण?”

“अजून कोणी नाही. रोपांवर विषप्रयोग झालाय.”

“रोपांचा फॉर्म नाही आमच्याकडे.” त्यानं खणात उचकापाचक केली. “जनावरावर विषप्रयोग, हा आहे. हाच भरू. जात?”

“गांजा.”

“रंग?”

“हिरवा.”

“गळ्यात पट्टा होता का?”

“अहो, झाड आहे ते!”

“‘नव्हता’ लिहितो. चावायची सवय?”

मी जेवढा स्वाभिमान घेऊन आत गेलो होतो, त्यातला निम्मा या फॉर्मवर सांडला. शेवटी त्यानं शिक्का मारला आणि सहज म्हणाला, “नोंदणीची रोपं आहेत म्हणजे एक प्रत नोंदणीच्या ऑफिसात जाईल. त्यांचं माणूस येऊन बघून जाईल. मोजतील वगैरे.”

“मोजतील?”

“मोजणारच की.”

सात! मी म्हणालो, “मला फिर्याद मागे घ्यायचीय.”

“आत्ता तर दिलीत!”

“माझं मन बदललं.”

“मागे घ्यायचा फॉर्म निराळा. तो ज्याच्या कपाटात आहे तो कार्निव्हलच्या सुटीवर गेलाय. सोमवारनंतर या.”

आणि नोंदणीच्या माणसाचा निरोप संध्याकाळीच आला. सोमवारी सकाळी दहाला.

हातात गुरुवार ते रविवार होते. मी ठरवलं, गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायचा. मग सगळं लक्ष गुन्ह्याकडे जाईल, मोजदादीकडे कोण बघतो? शुक्रवारी दुपारी, गल्ली वामकुक्षीला आडवी झाली असताना, मी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरींमागे स्टूल टाकून बसलो. ऊन मी म्हणत होतं. अडीच वाजता स्वयंपाकघराचं दार करकरलं.

निदिया! हातात मोठी बरणी. तिनं तिच्यातलं तपकिरी पाणी सातही जणींना ओंजळीनं घातलं. वासावरून कळलं, केळ्याच्या सालींचं होतं. “प्या बायांनो,” ती कुजबुजली. “एबेरला सांगू नका. त्याला वाटतं खत म्हणजे औषधाचा डोस.” आणि गेली.

मी अजून तो घाव पचवतोय तोच भिंतीवरून एक रबरी नळी सापासारखी खाली उतरली. तिच्या मागोमाग नाक उगवलं. मग एक हात आणि हातात नरसाळं. नळी नेमकी पहिल्या पिंपावर थांबली आणि तो वास सुटला. मांजरं उभी राहिली.

“घ्या पोरींनो,” दामासो हळू आवाजात म्हणत होता. “तो कंजूष तुम्हाला उपाशी मारतोय. घ्या. बंदरावरून ताजी मुंडकी आणून चार दिवस कुजवलीत, तुमच्यासाठी. आणि तू ग नवरीबाई, जाळी जरा बाजूला कर. हां.”

मी ताडकन उठलो. चादर डोक्यावर आली, स्टूल पायात आलं आणि मी विटांवर सपशेल आडवा झालो. चादरीतून बाहेर पडेपर्यंत निदियाही धावत आली होती.

“हे काय चाललंय?” मी गर्जलो. पडलेल्या माणसाला गर्जता येतं तेवढंच.

“खायला घालतोय,” दामासो म्हणाला. “पानं बघ कशी झालीत. उपाशी आहेत.”

“मी पण तेच म्हणत होते,” निदिया म्हणाली. “म्हणून मी दोन दिवस दुप्पट केलं.”

“मी पण,” दामासो म्हणाला.

मी चादरीची घडी घालायला लागलो. कारण दुप्पट मीही केलं होतं. एका पंगतीला तीन यजमान, आणि प्रत्येकाला वाटत होतं बाकीचे वाढत नाहीत. पानं जळत होती ती अजीर्णानं. जितकी जळत तितका आम्ही तिघं आग्रह करत होतो. मी चटकन सगळ्यांचं खाणं बंद केलं. साधं पाणी, बस.

मग सांगायची वेळ आली. मी एवढंच सांगितलं की सोमवारी नोंदणीच्या ऑफिसातून मोजायला माणूस येतंय.

“का बरं?” दामासोनं विचारलं.

“येतात,” मी म्हणालो. “असंच.”

त्यानं डोकं खाजवलं. “मग सातवी दे माझ्याकडे. सोमवारपुरती.”

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. त्याच्याकडे सापडली तर काय, हे विचारलंसुद्धा नाही. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी शिडी लावून तो जस्ताचा टब, माती, नवरी आणि जाळी भिंतीवरून पलीकडे उतरवली. माझी कंबर धरली, त्याचा अंगठा चेपला. भिंतीवर ओणवे असताना त्याचा अख्खा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. हनुवटीवर एक जुना व्रण होता. तो मी कधी बघितलाच नव्हता. सांगावं, असं तेव्हा अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण सोमवारनंतर ठाण्यात जाऊन फॉर्म भरला की फिर्याद नव्हतीच, असं होईल, असा मी हिशोब केला. चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं आमच्या छापखान्यात म्हणायचे, तसं.

सोमवारी दहाला आल्या त्या बुटक्याशा, शांत बाई होत्या. नाव सुल्मा पिरिस. त्यांनी प्लास्टिकमधला कागद वाचला, रोपं एकदा मोजली, मग उलटीकडून मोजली.

“सहा. उत्तम,” त्या म्हणाल्या. “आता फिर्यादीकडे वळू.”

“कसली फिर्याद?” निदियानं विचारलं. तिच्या हातात कॉफीचा ट्रे होता.

“बाई, माते घेणार का?” नेमकं तेव्हाच भिंतीवर नाक आलं होतं, थर्माससकट.

“तुम्हीच का दामासो ओलिवेरा?”

“हो. का?”

पिरिस बाईंनी चष्मा लावला आणि माझी तीन पानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. त्यांचा आवाज स्वच्छ होता, एकही विरामचिन्ह त्यांनी गाळलं नाही. “...सदर इसम वरवर मनमिळाऊ असला तरी त्याच्या प्रत्येक चौकशीमागे एक थंड, दीर्घकाळ पोसलेला द्वेष आहे. अंजिराच्या एका फांदीचा सूड तो तीन वर्षं उराशी जपून आहे. अशा माणसाच्या शेजारी आपण एकतीस वर्षं निर्धास्त झोपलो, या विचारानं फिर्यादीच्या अंगावर काटा येतो...”

मी निदियाकडे बघू शकलो नाही. भिंतीकडे बघितलं. दामासोचं नाक हळूहळू खाली गेलं. मग डोळे. मग कपाळ. मग नुसती भिंत उरली.

मिनिटाभरानं पुढच्या दाराची घंटा वाजली. तो आला होता. रस्त्यावरून, टोपी घालून, पाहुण्यासारखा.

“मासळीचं पाणी मीच घातलं,” तो पिरिस बाईंना म्हणाला. “खत म्हणून घातलं. बाकी मला त्या कागदातलं काही माहीत नाही.”

“तुमचंही अंगण बघावं लागेल,” बाई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्याच्या अंगणात गेलो. लिंबाच्या झाडाशेजारी पांढऱ्या जाळीत सातवी उभी होती. बाईंनी जाळी उचलली.

“हे कुणाचं?”

मी एक पाऊल पुढे झालो. “माझं,” मी म्हणालो. “ते सातवं आहे. ते माझं—”

“तुम्ही गप्प बसा,” दामासो म्हणाला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला ‘तुम्ही’ म्हटलं. तीन पानांच्या फिर्यादीत मी एवढी धारदार गोष्ट लिहू शकलो नव्हतो.

तो आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यातून एक कागद काढून बाईंच्या हातात ठेवला. माझ्यासारखाच नोंदणीचा कागद, शिक्का ताजा.

“दल्मिरा आजारी होती तेव्हा नोंदवलं होतं,” तो म्हणाला. दल्मिरा त्याची बायको. सात वर्षांपूर्वी गेली. “शेवटच्या वर्षी तिला अन्न पोटात ठरत नव्हतं. याच्यानं दोन घास जायचे. ती गेली तेव्हा मी झाडं काढली. नोंदणी काढली नाही. मुदत संपली की जाऊन नव्यानं करून आणतो. पोस्टातली मुलगी विचारते, रोपं किती? मी म्हणतो, सध्या नाहीत.”

पिरिस बाईंनी विचारलं, “आता किती?”

“आता एक.”

त्यांनी ‘एक’ लिहिलं. जळक्या पानावरून बोट फिरवून म्हणाल्या, “खत थांबवा. साधं पाणी द्या.” आणि जाताना फिर्यादीची एक प्रत त्यांनी दामासोला दिली. ज्याच्याविरुद्ध फिर्याद असते त्याला प्रत मिळण्याचा हक्क असतो म्हणे. कायदा फार बारकाईनं केलेला आहे.

मला आठवलं ते घरी आल्यावर. त्या वर्षी पलीकडून एक ओळखीचा, उग्र वास यायचा. मी निदियाला म्हटलं होतं, “हा म्हातारा काय धंदे करतोय बघ,” आणि खिडकी लावून घेतली होती. आजारी माणसाच्या घराकडची खिडकी मी उन्हाळाभर बंद ठेवली होती.

त्यानंतर भिंतीवर काही उगवलं नाही. मी ठाण्यात जाऊन फिर्याद मागे घेतली. शिपायानं विचारलं, “जनावर बरं झालं का?” मी हो म्हणालो. बिस्कोचोचा पुडा घेऊन दामासोच्या दाराशी दोनदा गेलो. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण त्यानं “आमच्याकडे आहेत” म्हणून लावून घेतलं. निदिया घरात रोपांशी बोलायची, माझ्याशी मोजकंच. एकदा फक्त म्हणाली, “माझ्या बोटांसाठी तू ही झाडं लावलीस ना? त्याला विचारून बघितलं असतंस, तर त्यानं सगळं सांगितलं असतं. सगळं येत होतं त्याला.”

मार्च गेला. साध्या पाण्यावर माझ्या सहा जणी सावरल्या, पण खुरट्याच राहिल्या. पलीकडची सातवी मात्र भिंतीच्या वर आली. जाळी केव्हाच काढून टाकलेली. तिचे तुरे माझ्या मनगटाएवढे झाले होते. मी रोज दुपारी तिच्याकडे बघायचो, आणि एकदाही मनात आलं नाही की तो तिला काय घालत असेल.

एप्रिलच्या एका दुपारी घंटा वाजली. दामासो होता. हातात कोरे कागद, पेन, आणि माझ्या फिर्यादीची घडी.

“बसा,” तो म्हणाला. माझ्याच घरात, मलाच. मी बसलो. “मला फिर्याद द्यायचीय. तुमच्याविरुद्ध. पण मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. तुम्हीच लिहून द्या.”

“मी? माझ्याविरुद्ध?”

“अशीच हवी. ते अर्धविराम वगैरे घालून.”

निदियानं टेबलावरचा पसारा बाजूला केला आणि दिवा जवळ सरकवला. मी पेन उघडलं.

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. सदर इसम एकतीस वर्षं शेजारी राहतो. दल्मिराच्या मयताच्या दिवशी त्यानं स्वतःच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या उचलून आणल्या आणि स्वतः दिवसभर उभा राहिला. मी थांबलो, म्हणालो, “हे फिर्यादीत बसत नाही.” तो म्हणाला, “लिहा.” लिहिलं. त्यानं अंजिराची फांदी न विचारता कापली, ती विचारून कापली असती तर मीच शिडी धरली असती. त्याच्या झाडांना मी चोरून खाऊ घातलं, कारण मी दिलेलं तो उघडपणे घेत नाही, त्याला प्रत्येक वस्तूच्या आत काहीतरी लपवलेलं आहे असं वाटतं. आणि मी त्याला विष घालतोय असं त्याला वाटलं, यानं मला सहा आठवडे जेवण गेलं नाही.

मी लिहिता लिहिता दोन शब्द खोडून नीट केले.

“शेवट कसा करू?” मी विचारलं. “माझ्या फिर्यादीत शेवटी एक विशेषण होतं.”

“काय होतं?”

“‘दुष्ट’ होतं,” मी खाली मान घालून म्हणालो.

दामासो खिडकीबाहेर बघत राहिला. निदियाची बोटं टेबलावर होती. त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

“दुष्ट नको,” तो शेवटी म्हणाला. “मूर्ख लिही.”

लिही. लिहा नव्हे. मी वर बघितलं नाही. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून पेन तसंच धरून बसलो.

“काय रे, ऐकू येत नाही का?” दामासो म्हणाला. “मूर्ख लिही. ठळक अक्षरात लिही. आणि मग उठ. कात्री घेऊन चल माझ्याकडे. सातवी कापायला झालीय, आणि निदियाच्या मलमाला तुझी ती सहा खुरटी काय पुरणार?”